पावसाचा रेड अलर्ट आला की काय करायचं (खरंखुरं)

"अत्यावश्यक असेल तरच घराबाहेर पडा" हा मेसेज येतो तेव्हा आपण कुर्ल्याला प्लॅटफॉर्मवर उलटी झालेली छत्री घेऊन उभे असतो, आणि अत्यावश्यक काय ते बॉस ठरवतो. वर जवळ ठेवायच्या वस्तूंची ती यादी, टॉर्च, शिट्टी, सुका खाऊ, बॅटरीवरचा रेडिओ. रेडिओचं पटतं हो, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा मोबाईल लागतच नव्हते, पण आमच्या सोसायटीत शिट्टी वाजवली तर लोक कचऱ्याची गाडी आली समजून डबे घेऊन खाली येतील.

असो, टीप ही की जूनच्या आधीच आधार, पॉलिसी, घराचं अॅग्रीमेंट एका झिपच्या पिशवीत घालून माळ्यावर टाका, बेडच्या ड्रॉवरमध्ये नको, आमचं रेशनकार्ड तिथंच भिजून पापड झालंय. पाणी उंबऱ्याशी आलं की आधी मेन स्विच बंद, पाय कोरडे आहेत तोवरच, फ्रिजचं मग बघा. निघताना भरतीची वेळ पण बघा, साडेचार मीटरच्या वरची भरती आणि वरून धो धो पाऊस म्हणजे रस्त्यावरचं पाणी समुद्रात जातच नाही. साचलेल्या पाण्यातून चालत आलात तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा, जखम असेल तर नक्कीच, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप) गोळी द्यायची का ते डॉक्टर सांगतील, मेडिकलवाला नाही.

शिट्टी हवीच असेल तर ठेवा, फक्त कुकरची नको, ती घरी लागते.