मुद्रा लोनसाठी बँकेत जायच्या आधी घरी काय काय करून ठेवायचं

होळी झाली की मिरची कांडायला बाया रांग लावतात, म्हणून कांडप मशीनसाठी मुद्रा लोन, म्हणजे छोट्या धंद्याला सरकारी योजनेतून भेटणारं बँकेचं कर्ज, पाहिजे असेल तर तयारी पोळ्यापासूनच सुरू करा, फेब्रुवारीत जागे झालात तर मशीन पावसाळ्यात येईल न् कोपऱ्यात धूळ खात पडेल. मी भिवापूरकडचा, पिठाची चक्की आहे माझी, एक चक्कर फुकट गेल्यावर शहाणा झालो.

सगळ्यात आधी पाहा, दुकानातला क्यूआर कोणाच्या खात्याला जोडला आहे. हसू नका बाप्पा. आमचा वर्षभर पोराच्या खात्याला होता, कारण स्मार्टफोन त्याच्याचकडं, चक्कीचे पैसे तिकडं जायचे न् त्यातूनच त्याचं पेट्रोल, रिचार्ज. बँकेतल्या साहेबानं माझं स्टेटमेंट पाहिलं तर त्यात गॅसची सबसिडी न् पीएम किसानचे दोन हजार, बस, म्हणे यात धंदा कुठं आहे? चक्की रोज आठ घंटे चालते पण कागदावर बंद. तर ज्याच्या नावानं लोन मागायचं त्याच्याच खात्याला क्यूआर जोडा, सहा महिने तरी त्यातूनच पैसा फिरू द्या, रोकड येते तीही आठवड्यातून एकदा बँक मित्राकडं भरा, अन् घरातल्या बाईचा पापड-मसाल्याचा धंदा असेल तर क्यूआर तिच्याच खात्याचा पाहिजे, नवऱ्याच्या नाही. खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराला 2020 पासून चार्ज नाही, भाडं लागलं तर पैसे आले की बोलणाऱ्या त्या डब्याचं. गिऱ्हाईक स्क्रीनशॉट दाखवते त्यावर भरोसा ठेवू नका, आपल्या ॲपमध्ये पैसे दिसले की मगच पीठ द्या. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, कोणी टाकायला लावलं तर समजून जा, अन् गेलेच पैसे तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला, फोन.

मग नाव. आधारवर बापाचं नाव पूर्ण, पॅनवर नुसतं अक्षर, पासबुकात आडनाव आधी, असं असेल तर आत्ताच सारखं करून घ्या, याला सगळ्यात जास्त दिवस जातात. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे, नाहीतर ओटीपी जुन्या सिमवर जाते न् आपण बसतो तोंड पाहत. तो नंबर जमला की उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करा, सरकारी साइटवर ते फुकट आहे, दिसायला तशाच खाजगी साइटी पैसे मागतात तिकडं फिरकू नका.

सिबिल, म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं त्याची नोंद, काढून पाहा, पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट भेटते. स्कोअर 300 ते 900 मधी असते. आपल्याला वाटते आपण कधी लोनच घेतलं नाही, पण पीककर्ज थकलं असेल, मायक्रोफायनान्सचा हप्ता चुकला असेल, साळ्याला जामीन राहिलो असू, ते सगळं तिथं निघते.

कागदं तशी कमीच, मशीनचं कोटेशन डीलरच्या जीएसटी नंबरसहित, जागेचा ग्रामपंचायतीचा कागद, लाइट बिल (मीटर अजून आजोबाच्या नावावर असेल तर आधी ते निपटवा), फोटो. मुद्रात रकमेप्रमाणं गट आहेत, शिशूत 50 हजारापर्यंत, किशोरमधी 5 लाखापर्यंत, तरुणमधी 10 लाखापर्यंत, अन् गहाण काही ठेवायचं नाही. मशीनच्या कोटेशनएवढंच मागा, उगाच फुगवू नका, हप्ता आपल्यालाच भरायचा आहे. मुद्राचा एजंट म्हणून कोणी हजार-दोन हजार मागितले तर घरी पाठवा, या योजनेत एजंट नेमलेलेच नाहीत.

जायचा दिवस नीट निवडा. दुसरा न् चौथा शनिवार बंद, मे-जूनमधी पीककर्जाची गर्दी, मार्चअखेर साहेबाला मान वर करायला फुरसत नाही. पासबुक आदल्या दिवशी छापून ठेवा, तिथं प्रिंटर बंदच असते. अन् अर्ज दिला की दुसऱ्या कॉपीवर तारखेसहित शिक्का मारून घ्या, मी नव्हता घेतला, दीड महिन्यानं विचारलं तर म्हणे अर्ज कोणता?