ऑफिसचं जुनं आउटलुक आणि मॅडमचा फोन: कोर्टाच्या तारखा दोन्हीकडे सारख्या कशा ठेवायच्या

कोर्टात तारीख चुकली की भोगतो पक्षकार. पुकाऱ्याला वादी नाही, वकील नाही, तर दावा डिसमिस. प्रतिवादी नाही, तर एकतर्फी. म्हणून ऑफिसच्या संगणकात नोंदवलेली तारीख वकिलांच्या फोनवर दिसलीच पाहिजे, यावर मी अडून बसते. मी साताऱ्यात दिवाणी काम करणाऱ्या एका वकील मॅडमकडे कारकून आहे. आमच्याकडे विंडोज १० वर ऑफिस २०१० आहे. कित्येक वर्षांच्या तारखा आणि पक्षकारांचे नंबर त्यातल्या आउटलुकमध्ये आहेत. त्या आउटलुकचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० ला संपला. नवीन घ्या असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण लहान ऑफिसला ते लगेच परवडत नाही. तोवर काम कसं चालवायचं ते सांगते. फोन अँड्रॉइड आहे असं धरते.

फोनवर आउटलुकचं ॲप टाकलं की ऑफिसचं आउटलुक त्यात उतरेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. जुनं आउटलुक सगळ्या नोंदी त्या संगणकाच्या डिस्कवरच्या एका पीएसटी फाइलमध्ये ठेवतं. फोनमधलं ॲप सर्व्हरवरच्या खात्यातलं वाचतं, ही फाइल त्याला दिसतच नाही. दोन्ही जोडणारं गूगलचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं, 'गूगल कॅलेंडर सिंक'. तेही २०१४ मध्ये बंद पडलं. म्हणून मधे एक गूगल खातं लागतं. आउटलुकमधलं तिकडे पाठवायचं आणि फोनने तिथून घ्यायचं.

हे खातं ऑफिसच्या नावाने नवीन काढा, कारकुनाच्या किंवा ज्युनिअरच्या घरगुती खात्यावर हे काम करू नका. माणूस ऑफिस सोडून गेला तर तारखा त्याच्याबरोबर जायला नकोत. शिवाय पक्षकाराची गोष्ट बाहेर न नेण्याचं बंधन फक्त वकिलाला नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १३२ वकिलाच्या कारकुनाला आणि नोकरालाही लागू आहे. पासवर्डबरोबर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि त्यासाठी मॅडमचा किंवा साहेबांचा नंबर द्या.

कशालाही हात लावण्याआधी पीएसटीची नक्कल घ्या. कंट्रोल पॅनेलमध्ये 'मेल' उघडा, 'डेटा फाइल्स'मध्ये फाइल कुठे आहे ते दिसतं. आउटलुक पूर्ण बंद करा, मगच ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवा. चालू आउटलुकमध्ये तिची नक्कल धड होत नाही. मूळ पीएसटी उचलून गूगल ड्राइव्हच्या आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची युक्ति कुणी सुचवली तर ऐकू नका, फाइल खराब होण्याचा तो हमखास रस्ता आहे.

आता तारखा. आउटलुकमधून कॅलेंडर दोन प्रकारांनी बाहेर काढता येतं, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी) आणि आयसीएस (खास कॅलेंडरसाठीची फाइल). कोर्टाच्या तारखांसाठी सीएसव्ही वापरूच नका. त्यात तारीख ०७/०८/२०२५ अशी नुसती आकड्यांत असते, आणि गूगल महिना आधी धरून वाचू शकतं. ७ ऑगस्टचा उलटतपास ८ जुलैला जाऊन बसला, तर ते कळेपर्यंत पुरावा बंदचा हुकूम झालेला असतो. आयसीएसमध्ये वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठरलेला आहे, तिथे हा घोळ होत नाही.

आउटलुक २०१० मध्ये कॅलेंडर उघडून 'फाइल'मधलं 'सेव्ह कॅलेंडर' घ्या. २००७ असेल तर 'सेव्ह ॲज'. तिथे 'मोअर ऑप्शन्स'मध्ये जायला विसरू नका, कारण किती तारखांपर्यंतचं आणि किती तपशील घ्यायचा ते तिथेच ठरतं. तपशील 'फुल डिटेल्स' ठेवा, नाहीतर नुसतं 'बिझी' एवढंच जाईल. संपूर्ण इतिहास एका दमात पाठवू नका. गूगल १ एमबीपर्यंतचीच फाइल घेतं, आणि निकाली निघालेल्या दाव्यांच्या तारखा फोनवर कुणाला पाहायच्या आहेत? आजपासून पुढच्या घ्या.

मग संगणकाच्या ब्राउझरमध्ये, ऑफिसच्या खात्यातून गूगल कॅलेंडर उघडा. फोनच्या ॲपमध्ये इम्पोर्टची सोय नाही. आधी 'कोर्ट बोर्ड' नावाचं (बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) वेगळं कॅलेंडर तयार करा आणि सेटिंग्जमधल्या 'इम्पोर्ट'मध्ये फाइल देताना तेच निवडा. काही बिघडलं तर ते एकच कॅलेंडर पुसून पुन्हा भरता येतं. मुख्य कॅलेंडरमध्ये मिसळलेल्या नोंदी एकेक शोधून काढाव्या लागतात.

पक्षकारांच्या नंबरांना जास्त वेळ द्या. आमच्याकडे नावं मराठीत आहेत, तुमच्याकडेही असतील. जुनं आउटलुक सीएसव्ही काढताना विंडोजच्या जुन्या अक्षरसंचात लिहितं, आणि त्या संचात देवनागरीला जागाच नाही. फाइल उघडली की नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. अक्षरं तिथे कायमची गेलेली असतात, फॉन्ट बदलून परत येत नाहीत. २०१० पर्यंतच्या आउटलुकमध्ये यावर उपाय आहे. एक्स्पोर्ट करताना सीएसव्हीऐवजी 'मायक्रोसॉफ्ट एक्सेल ९७-२००३' निवडा. ती फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल शीट्समध्ये उघडा आणि तिथून सीएसव्ही उतरवून घ्या. शीट्सची सीएसव्ही युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपी मावणाऱ्या अक्षरसंचात असते, त्यामुळे 'ज्ञानेश्वर'चा 'ज्ञ' जसाच्या तसा राहतो.

शीट्समध्ये असतानाच मोबाइलचा स्तंभ डोळ्यांखालून घाला. तो स्तंभ 'प्लेन टेक्स्ट' करा. उतरवलेली सीएसव्ही मधेच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. एक्सेल +९१ ने सुरू होणाऱ्या नंबराला संख्या समजतं, अधिकचं चिन्ह खातं आणि बारा आकडे ९.१९ई+११ असे आखडून टाकतं. सेव्ह केलंत तर नंबराचे शेवटचे आकडे कायमचे जातात.

नंतर गूगल काँटॅक्ट्समध्ये ही फाइल इम्पोर्ट करा. एका वेळी ३,००० पर्यंत नावं जातात. आधी दहा-बारा नावांची छोटी फाइल करून पाहा. पहिलं नाव, आडनाव, गावाचा पत्ता योग्य जागी बसले का बघा, मग बाकीची पाठवा. काही चुकलं तर सेटिंग्जमध्ये 'अनडू चेंजेस' आहे, ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं.

एकदा माल पोचला की रोजचं काय, हा खरा प्रश्न. माझं ठाम मत आहे की तारीख लिहिण्याची जागा एकच ठेवा. ऑफिसात मूळ केस डायरी एक असते आणि बाकीच्या तिच्या नकला असतात, तसंच हे. आमच्याकडे मूळ आता गूगल कॅलेंडर आहे. मॅडम कोर्टातच पुढची तारीख फोनवर टाकतात आणि मला ती आउटलुकमध्ये दिसते. त्यासाठी 'कोर्ट बोर्ड'च्या सेटिंग्जमध्ये तळाशी आयकॅल स्वरूपातला 'गुप्त पत्ता' मिळतो. तो आउटलुकमध्ये 'अकाउंट सेटिंग्ज'मधल्या 'इंटरनेट कॅलेंडर्स'मध्ये 'न्यू' करून चिकटवा. हे कॅलेंडर आउटलुकमध्ये फक्त वाचता येतं, बदलता येत नाही, आणि मला तेच हवं आहे. तो पत्ता व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. ज्याच्याकडे तो गेला त्याला सगळं बोर्ड दिसतं. गेलाच, तर तिथेच 'रीसेट' आहे.

आउटलुकमध्येच लिहायची सवय सुटत नसेल तर 'आउटलुक कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर' हे मोफत ॲड-इन, म्हणजे आउटलुकला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर आहे. व्हिएन्नातल्या एका तंत्रविद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ते सुरू झालं, आणि आउटलुक २००७ पासूनच्या आवृत्त्यांसाठी ते लिहिलेलं आहे. कॅलेंडर आणि काँटॅक्ट दोन्ही ते जुळवतं. मात्र त्यातल्या 'सिंक्रोनायझेशन मोड'वर थांबून विचार करा. 'रेप्लिकेट' म्हणजे एका बाजूला नसलेलं दुसऱ्या बाजूचं पुसून टाकणं. पहिल्यांदा 'मर्ज' ठेवा, सगळं बरोबर दिसलं की 'टू-वे'. किती दिवस मागचं-पुढचं जुळवायचं याची मर्यादाही त्यात असते, लांबच्या तारखा दिसत नसतील तर आधी तीच पाहा.

फोनवर ऑफिसचं खातं जोडा आणि खात्याच्या सिंकमध्ये 'कॅलेंडर' व 'काँटॅक्ट्स' चालू करा. नवीन कॅलेंडर बरेचदा बंदच येतं. कॅलेंडर ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'कोर्ट बोर्ड' उघडून 'सिंक' चालू आहे ना ते पाहा. काँटॅक्ट ॲपमध्ये नवीन नंबर ऑफिसच्या गूगल खात्यात जतन होईल असं ठरवून द्या. फोनमध्ये किंवा सिमवर जतन झालेला नंबर ऑफिसपर्यंत कधीच पोचत नाही, आणि तो फोन बिघडला की पक्षकार हरवतो.

नोंद कशी लिहायची तेही ठरवा. आम्ही तारीख पूर्ण दिवसाची नोंद म्हणून टाकतो, वेळ देत नाही, आणि सूचना आदल्या दिवशी संध्याकाळी ७ ची लावतो, म्हणजे फाइल काढून ठेवायला वेळ मिळतो. शीर्षकात 'रे.मु.नं. २१४/२०१९, उलटतपास, ३ रे सह दिवाणी न्यायाधीश क. स्तर' असा मजकूर असतो, म्हणजे दाव्याचा नंबर, त्या दिवशीचं काम आणि कोर्ट. पक्षकाराचं नाव शीर्षकात घालत नाही, कारण सूचना बंद फोनच्या पडद्यावरही दिसते. खालच्या तपशिलात त्या प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर नंबर लिहितो. तो कॉपी करून ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या ॲपमध्ये टाकला की कोर्टाने नोंदवलेली पुढची तारीख समोर येते. दर शनिवारी मी पुढच्या आठवड्याचं बोर्ड असं पडताळते. फरक निघाला तर सोमवारी सकाळी बेंच क्लार्ककडे जाऊन रोजनामा (कोर्टाने त्या दिवसाच्या कामाची केलेली नोंद) बघते आणि मगच कॅलेंडर दुरुस्त करते.