उन्हाळ्याच्या पार्टीसाठी स्वस्तातली फुलसजावट करताय? मग या चुका टाळा

दुपारी फुलं एकदम मस्त दिसत असतात आणि पाहुणे येईपर्यंत सगळ्यांनी माना टाकलेल्या असतात, मग आपण म्हणतो फुलं स्वस्तातली होती ना म्हणून असं झालं. पण तसं नसतं हो. साधी शेवंती पाण्यात नीट ठेवली तर आठवडाभर आरामात टिकते, आणि महागडा गुलाबसुद्धा पाणी मिळालं नाही तर उन्हाळ्यात काही तासांत वाकतो. म्हणजे जास्त पैसे घालण्यापेक्षा आहेत त्या फुलांना पाणी कसं पोचेल हे बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फुलं आणली की थेट फुलदाणीत खोचायची. देठ कापलेला उघडा राहिला की टोकातून आत हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते, म्हणून आणल्या आणल्या प्रत्येक देठ खालून २-३ सेंमी तिरका कापायचा आणि लगेच पाण्यात ठेवायचा. तिरका अशासाठी की टोक तळाला सपाट टेकून बंद होत नाही. कात्री धारदार हवी, बोथट कात्रीने देठ चेंगरतो. मग बादलीत भरपूर पाणी घेऊन निदान ३-४ तास, जमलं तर रात्रभर, थंड अंधाऱ्या जागी फुलं ठेवून द्या, सजावट त्यानंतर. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही. आणि घरच्या बागेतली फुलं तोडायची असतील तर सकाळी लवकर तोडा, भर दुपारी तोडलेलं फूल आधीच तहानलेलं असतं.

दुसरं म्हणजे पाण्यात बुडालेली पानं. ती कुजतात, बॅक्टेरिया वाढतात, पाणी गढूळ होतं आणि देठाचं तोंड चिकट होऊन बंद पडतं. पाण्याच्या रेषेखालचं एकूण एक पान काढायचं. जॅमच्या रिकाम्या बाटल्या वापरणार असाल (वापराच, छान दिसतात!) तर आधी साबणाने स्वच्छ घासून घ्या.

नुसती साखर टाकू नका, फुलांच्या आधी बॅक्टेरियाच ती खातात. टाकायचीच तर १ लिटर पाण्यात १ चमचा साखर, २ चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे थोडेसे थेंब, पण ब्लीच आणि लिंबू थेट एकमेकांत कधीच मिसळायचं नाही, दोन्ही वेगवेगळं त्या पाण्यातच घालायचं. एवढं नको असेल तर रोज पाणी बदला, तेही पुरतं.

आता ही चूक कोणाच्या लक्षातच येत नाही, फळांच्या टोपलीशेजारी फुलं ठेवणं. पिकलेली केळी, सफरचंद, आंबे यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुलं लवकर कोमेजतात, कार्नेशन तर फारच लवकर. खिडकीतलं ऊन, पंख्याचा किंवा एसीचा थेट झोतही तेवढाच वाईट. पार्टी सुरू व्हायच्या थोडं आधीच टेबलावर आणा ना, तोवर थंड कोपऱ्यात राहू द्या.

दिसण्याबद्दल बोलायचं तर पाच प्रकारची एकेक फुलं घेऊन एकच मोठा गुच्छ करू नका, विस्कटलेला दिसतो. एकाच प्रकारची, एकाच रंगाची फुलं घ्या आणि चार-पाच छोट्या बाटल्यांत टेबलभर पसरा, कमी फुलांत टेबल भरल्यासारखं दिसतं. समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत, त्यामुळे उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खालीच ठेवा. जेवणाच्या टेबलावर निशिगंधासारखी उग्र वासाची फुलं नकोतच. रुंद तोंडाच्या भांड्यात फुलं आडवी पडत असतील तर वर पारदर्शक चिकटपट्टीची उभी-आडवी जाळी करा, फुलं खोचायच्या फोमवर खर्च करायची गरजच नाही, शिवाय बहुतेक फोम प्लास्टिकचाच असतो.

एवढं करूनही ऐनवेळी गडबड झालीच तर गुलाबाची मान वाकली की देठ परत कापा, फूल कागदात ताठ गुंडाळून खोल कोमट पाण्यात तासभर उभं ठेवा, बऱ्याचदा सरळ होतं. हायड्रेंजिया मलूल पडला तर अख्खं फूल थंड पाण्यात बुडवून ठेवा, तो पाकळ्यांतूनही पाणी घेतो. जरबेऱ्याचा देठ मऊ पडत असेल तर पाणी जास्त झालंय, कमी पाण्यातच ठेवा. देठ पार मोडलेला असेल तर तो काढून टाका आणि फूल उथळ वाडग्यात पाण्यावर तरंगत सोडा.

आणि कण्हेर कितीही सुंदर दिसली, फुकट मिळत असली, तरी खाण्याच्या टेबलावर अजिबात नको, ती पूर्ण विषारी असते. घरात मांजर असेल तर लिलीही नको, तिचे परागसुद्धा मांजरासाठी जीवघेणे ठरू शकतात.