पगार २१,०००च्या वर गेला आणि लेकीचं ईएसआय बंद पडलं

एकटीनं मूल वाढवताना नोकरी बदलू का, असं विचारणाऱ्या बायकांना मी आधी एवढंच विचारते: मुलाच्या दवाखान्याचं सध्या कशावर चाललंय? बहुतेकींना हा प्रश्न विषय सोडून वाटतो. पगार किती वाढतोय, ऑफिस किती लांब आहे, साहेब कसा आहे, यावर त्यांचा सगळा विचार झालेला असतो.

माझा रस्ता थोडक्यात सांगते. लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात काउंटर, मग सदाशिव पेठेत एका छोट्या सीए ऑफिसात व्हाउचर एन्ट्री, मग भोसरीला एका कारखान्यात डिस्पॅच, तिथेच पुढे अकाउंट्स. आता लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे पेरोल, म्हणजे कामगारांच्या पगाराचा हिशोब, बघते. बारावीनंतर लगेच लग्न झालं होतं, त्यामुळे बी.कॉम. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून केलं. रविवारी लेक आईकडे, मी संपर्कवर्गाला. त्या डिग्रीला नाकं मुरडणारे नातेवाईक भरपूर भेटले, पगार देणाऱ्यांपैकी कोणी भेटला नाही.

आता मुख्य गोष्ट. ही जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण पेरोलवाले सांगत नाहीत आणि यूट्यूबवाल्या करिअर ताई-दादांना माहीत नसते.

लेकीला बाळदमा आहे. पंप, नेब्युलायझर, पावसाळ्यात एखादं अ‍ॅडमिशन. डिस्पॅचला असताना हे सगळं ईएसआयमध्ये, म्हणजे पगारातून कपात होऊन घरच्यांना उपचार देणाऱ्या सरकारी कामगार विम्यात, बसायचं. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून महिना २१,००० आहे. अकाउंट्सला घेतलं तेव्हा मेपासून माझा पगार २२,५०० झाला आणि त्याच महिन्यापासून कंपनीनं ईएसआयची कपात बंद केली. पगार मर्यादेच्या वर गेला, कपात थांबली, कुणालाही वाटेल बरोबर आहे. बरोबर नाही.

ईएसआयचं वर्ष दोन वर्गणी-कालावधींत कापलेलं असतं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालावधी सुरू झाल्यावर मध्येच पगार मर्यादेच्या वर गेला, तरी तो कालावधी संपेपर्यंत कपात चालूच ठेवावी लागते. म्हणजे माझी सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायला हवी होती, तीही पूर्ण २२,५०० वर. कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के म्हणजे १६९ रुपये, मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ७३२. एवढ्या पैशांसाठी पुढचं सगळं घडलं.

हे लगेच कळत नाही, खरी मेख तिथे आहे. एप्रिल–सप्टेंबरच्या वर्गणीवर उपचार मिळतात ते पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. ऑक्टोबर–मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. त्यामुळे मेमध्ये कपात थांबली तरी डिसेंबरपर्यंत कार्ड नीट चाललं, कारण ते आधीच्या वर्गणीवर चालत होतं. जानेवारीत लेकीला धाप लागली म्हणून गेले, तर खिडकीवर सांगितलं, पात्रता नाही. कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि माझी होती फक्त एप्रिलची. त्या महिन्यात भिशी मोडली. कंपनीकडून मागची वर्गणी व्याजासकट भरून घेता येते, आणि शेवटी भरलीही, पण पोराचा श्वास तोवर थांबून राहत नाही.

म्हणून पगारवाढ किंवा नवीन नोकरी २१,०००च्या आसपास येत असेल तर तारीख बघून हला. चालू कालावधीत ७८ दिवस भरलेत का, ते ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या आयपी नंबरनं (ईएसआयमधला आपला विमा क्रमांक) स्वतः बघा, एचआरच्या तोंडी शब्दावर राहू नका. एप्रिलपासून सलग भरत असाल तर जून संपेपर्यंत हा आकडा साधारण गाठला जातो. तेवढं थांबायला नवीन मालकाला विनंती करता येते, नोटीस पिरियडच्या नावाखाली तर सहज. नवीन ठिकाणीही ईएसआय असेल तर जुनाच आयपी नंबर जोडायला लावा. घाईत नवा काढून देतात आणि जुनी वर्गणी वेगळ्या नंबरवर पडून राहते.

आणि ईएसआय संपायच्या आत मुलाची खासगी पॉलिसी सुरू करा. आधीपासूनच्या आजाराला कंपन्या तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात, ते घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. आजार लपवून फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. क्लेमच्या दिवशी तो फोन उचलत नाही.

घाबरवायचं नाहीये मला. बदल करायलाच हवा, काउंटरवर उभं राहून दहावीची फी निघत नाही. चौतिशीत फ्रेशर म्हणून बसायला लाज वाटते, ती साधारण पहिल्या पगारापर्यंत टिकते.

पण ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ लिहिणाऱ्या टॅली क्लासला (टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर) पैसे देऊ नका. सॉफ्टवेअर महिन्याभरात येतं. जमा-नावे कळायला खरी बिलं हाताखालून जावी लागतात, आणि ती छोट्या सीए ऑफिसात जातात, पगार कमी असला तरी. मला शिकवलं ते तिथल्या एका निवृत्त होत आलेल्या अकाउंटंट काकांनी. ते आधी कागदावर नोंद करायला लावायचे, मगच कॉम्प्युटरला हात. याउलट ‘आवडीचं काम निवड, पैसा मागून येतो’ असं सांगणारे मार्गदर्शक मी बघितलेत. त्यांच्यापैकी कुणालाही सहाच्या आत पाळणाघर गाठायचं नसतं. घरबसल्या डेटा एन्ट्रीसाठी आधी डिपॉझिट मागणारे सरळ चोर असतात, त्यावर एवढं पुरे.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालकांच्या मुलांना महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. बसत असाल तर जरूर भरा, मात्र ते पैसे दर महिन्याला येतील असं धरून कुठला हप्ता काढू नका.

मुलाखतीत ‘घरी मुलीला कोण बघतं?’ हे विचारतातच. विचारू नये, पण विचारतात. तिथे कहाणी सांगत बसू नका, व्यवस्था सांगा. अकाउंट्समध्ये कुठल्या तारखांना उशीर होणार हे आधीच ठरलेलं असतं, कारण सरकारकडे भरायच्या शेवटच्या तारखा ठरलेल्या असतात: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीचा जीएसटीआर-१ फॉर्म, १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला जीएसटीचाच ३बी फॉर्म. मी या तारखा पाळणाघराच्या ताईंना एक तारखेलाच लिहून देते, त्या दिवशी त्या आठपर्यंत ठेवतात. त्याचे वेगळे पैसे होतात, आणि पगाराची बोलणी करताना ते मी धरूनच आकडा सांगते.