सहसंबंध तपासायचा कसा: मुतखड्याच्या आकड्यांवरून

दोन गोष्टी बरोबरीने वाढतात किंवा घटतात, एवढंच सहसंबंध सांगतो. एकीमुळे दुसरी घडते हा दावा वेगळा आणि त्याचा पुरावाही वेगळा. ‘अमुक घेणाऱ्यांना तमुक आजार कमी’ असं वाचलं की आधी एकच प्रश्न विचारावा: कोण कोणत्या गटात गेलं, आणि ते कशावरून ठरलं?

हे हाताने करून पाहण्याजोगं आहे. लंडनमधल्या मुतखड्याच्या रुग्णांचे आकडे १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. चिरा देऊन केलेली जुनी शस्त्रक्रिया ३५० जणांपैकी २७३ जणांत यशस्वी झाली, म्हणजे ७८ टक्के. पाठीत बारीक छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढण्याची पद्धत ३५० पैकी २८९ जणांत, म्हणजे ८३ टक्के. दुर्बीण सरस, असंच कुणीही म्हणेल.

आता खड्याच्या आकारावरून रुग्ण वेगळे करा. खडा दोन सेंटिमीटरहून लहान असलेल्यांत चिऱ्याने ८७ पैकी ८१ यशस्वी (९३ टक्के), दुर्बिणीने २७० पैकी २३४ (८७ टक्के). मोठ्या खड्यांत चिऱ्याने २६३ पैकी १९२ (७३ टक्के), दुर्बिणीने ८० पैकी ५५ (६९ टक्के). दोन्हीकडे चिराच पुढे! एकूण बेरजेत तो मागे पडला, कारण त्याच्या वाट्याला अवघड खडे आले होते: ३५० पैकी २६३ मोठे. दुर्बिणीकडे मोठे फक्त ८०.

बरोबरीची तुलना करायची तर दोन्ही पद्धतींना सारखेच रुग्ण मिळाले असते तर काय झालं असतं, ते काढा. एकूण ७०० रुग्णांत लहान खडे ३५७, मोठे ३४३, म्हणजे ५१ आणि ४९ टक्के. प्रत्येक पद्धतीच्या लहान खड्यांतल्या यशाला ०.५१ ने आणि मोठ्यांतल्या यशाला ०.४९ ने गुणून बेरीज करा. चिऱ्याचं उत्तर येतं ८३ टक्के, दुर्बिणीचं ७८. आकडे अगदी उलटे झाले.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे उपचारानंतर घडलेल्या गोष्टीवरून गट पाडणं. खड्याचा आकार उपचाराआधीच ठरलेला होता, म्हणून तो चालतो. रुग्णालयात किती दिवस राहिले यावरून गट पाडले, तर उपचाराचाच परिणाम वजा होऊन बसतो. दुसरी अडचण अशी की ज्याची नोंदच नाही त्यावरून गट पाडता येत नाहीत. याच अभ्यासात चिऱ्याचे रुग्ण १९७२ ते १९८० मधले होते आणि दुर्बिणीचे १९८० नंतरचे; काळाबरोबर आणखी काय बदललं असेल, ते या आकड्यांत दिसत नाही. म्हणून ८३ विरुद्ध ७८ हाही अखेरचा निकाल धरू नये.

नोंद नसलेलं कारण किती फसवतं, हे रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन गोळ्यांनी दाखवलं. त्या स्वतःहून घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी दिसे. पण अशा स्त्रिया सरासरीने अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या, तब्येतीला जपणाऱ्या होत्या. मग अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या स्त्रियांच्या आरोग्यावरच्या मोठ्या अभ्यासाने ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने पाडले: काहींना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोनची गोळी, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. २००२ मध्ये चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे हृदयविकार निष्क्रिय गोळीवर ३० आणि हार्मोनवर ३७ निघाला. स्तनाचा कर्करोगही वाढला. हार्मोन कोणत्या वयात सुरू केलं याने फरक पडतो का, हा वाद पुढे झाला. पण हृदय वाचवायला सरसकट सगळ्यांना गोळ्या द्या, या सल्ल्याचा आधार गेला.

दिशाही उलटी असू शकते. शुगर-फ्री गोळ्या वापरणाऱ्यांत मधुमेही जास्त सापडतील, कारण निदान झाल्यावरच अनेक जण त्या घेऊ लागतात. म्हणून आधी काय घडलं त्याची तारीख मागा.

चिठ्ठ्या टाकणं शक्यच नसेल तर? कुणाला वीस वर्षं सिगारेट ओढायला लावता येत नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग या दोहोंमागे आनुवंशिकतेसारखं एकच कारण असेल, असं रोनाल्ड फिशर यांच्यासारखा थोर संख्याशास्त्रज्ञ म्हणत होता. त्यावर जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मोजमाप दिलं: ओढणाऱ्यांत धोका नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या छुप्या कारणामुळे असेल, तर ते कारण ओढणाऱ्यांत किमान नऊपट जास्त आढळलं पाहिजे. असं कारण कुणीही दाखवू शकलं नाही. तुमच्यासमोरच्या दाव्यालाही हीच फूटपट्टी लावा. धोका जेमतेम १.२ पट असेल, तर किरकोळ छुपं कारणही तेवढा फरक घडवू शकतं. त्यापुढे पाहायचं ते हे: मात्रा वाढली की परिणाम वाढतो का, आणि सोडल्यावर धोका उतरतो का. सिगारेटच्या बाबतीत डॉल आणि हिल या संशोधकांनी ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ पासून जो दीर्घ पाठपुरावा सुरू केला, त्यात दोन्ही आढळलं.