घरी वायरलेस इंटरनेट घेताय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी या चुका टाळा

एअरफायबर, म्हणजे वायरीऐवजी 5जी टॉवरवरून घरात येणारं इंटरनेट, 2023 मध्ये मोठ्या शहरांतून सुरू झालं. आता तालुक्याच्या गावातला मोबाइल दुकानदारही ते देतो म्हणतो. शिवाय छपरावर डिश बसवून नेट देणारे स्थानिक वायफायवाले आहेतच. वायर न येणाऱ्या वस्तीवर मुलांचा अभ्यास आणि घरातून चालणारी नोकरी यावरच उभी आहे, म्हणून निवड घाईत करू नका.

उन्हाळ्यात पाहून पावसाळ्याचा सौदा करणे

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. मे महिन्यात माणूस येतो, गच्चीवर मोबाइल धरतो, "रेंज फुल आहे" म्हणतो आणि तुम्ही पैसे भरता. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस लागला की तेच नेट रडायला लागतं. दोष बहुतेक वेळा पावसाच्या धारांचा नसतो, झाडांचा असतो. स्थानिक वायफायवाल्यांच्या डिश साधारण 5 गिगाहर्ट्झवर चालतात, 5जीचा मुख्य पट्टा साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. या लहरींना भिजलेली दाट पानं सोसत नाहीत. अँटेना आणि टॉवर यांच्या मध्ये फणस किंवा आंबा असेल, तर उन्हाळ्यात जेमतेम चालणारी जोडणी आषाढात बसते. निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात ऊस आहे. बैठ्या घराच्या वळचणीला अँटेना लावली, तर ऊस डोक्यावर गेल्यावर तोच आडवा येतो.

म्हणून बसवणाऱ्याला आधी विचारा: टॉवर नेमका कुठल्या दिशेला, किती लांब, मध्ये काय आहे? उत्तर देता येत नसेल तर त्याने पाहणी केलेली नाही. शक्य असेल तर जोडणी जुलैमध्येच घ्या, खरं काय ते पहिल्या आठवड्यात कळतं. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचं घर असेल तर खोलीत ठेवायच्या 5जी राउटरच्या नादी लागू नका. बाहेर छपरावर बसणारी अँटेनाच मागा.

पिनकोडवर विश्वास ठेवणे

वेबसाइट पिनकोड विचारते आणि "सेवा उपलब्ध" सांगते. एका पिनकोडात इथे कितीतरी वाड्या असतात. पोस्ट ऑफिस असलेल्या गावात रेंज आहे म्हणून टेकडीपलीकडच्या वस्तीवर असेलच असं नाही. कंपन्यांचे कव्हरेज नकाशे पाहा, पण शेवटचा शब्द तुमच्या गच्चीचा. ज्या कंपनीचा विचार आहे तिचंच सिम घालून रात्री आठ ते दहाच्या वेळेत ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) मायस्पीड ॲपवर वेग तपासा. तेव्हा अख्खी गल्ली नेटवर असते. आकडा एमबीपीएसमध्ये येतो, म्हणजे मेगाबिट. फाइल सेकंदाला किती मेगाबाइट उतरेल हे कळायला त्याला आठने भागा. अपलोडचा आकडाही बघा, व्हिडिओ कॉल त्यावरच टिकतो.

शिनोळीजवळ किंवा चोर्ल्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. फोन कधी महाराष्ट्र सर्कलचा (सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग) टॉवर पकडतो (गोवाही त्याच सर्कलमध्ये येतो), कधी कर्नाटकचा. दोन टॉवरच्या मध्ये हेलकावणाऱ्या जागी वेग स्थिर राहत नाही. अँटेनाची दिशा एका टॉवरवर पक्की करून मागा.

लाइट गेल्यावर काय, हे न विचारणे

हेस्कॉमची लाइट गेली की तुमचा राउटर आणि छपरावरची अँटेना दोन्ही बंद. दोन्हींचं व्होल्टेज बघून छोटा यूपीएस घ्या. पण टॉवरची बॅटरी संपली तर घरच्या यूपीएसचा उपयोग नाही, त्यामुळे शेजारच्या ग्राहकाला विचारा: लाइट चार तास गेली तेव्हा नेट होतं का?

पैशाचा हिशेब

जाहिरातीतल्या दरावर बहुधा 18 टक्के जीएसटी लागतो. 599 चा प्लॅन 706 रुपये 82 पैशांना पडतो. "अनलिमिटेड"लाही बहुधा मर्यादा असते. 1000 जीबीनंतर वेग पडणार असेल, तर तासाला सुमारे 3 जीबी खाणारा एचडी व्हिडिओ महिन्याला साधारण 330 तास होतो. एका घराला पुरतो. खाली भाडेकरू असतील तर नाही. सुरुवातीलाच वर्षाचे पैसे भरू नका, सवलत कितीही असो. महिनाभर वापरून मगच भरा.

जुनी जोडणी नवी नीट चालेपर्यंत तोडू नका. मोबाइल नंबरच पोर्ट करायचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल, तर अंदाजाने काही पाठवू नका, 1900 वर जाणारा PORT शब्दाने सुरू होणारा मेसेज दुकानदाराकडून नीट लिहून घ्या. त्या मेसेजच्या उत्तरात आलेला कोड साधारण चार दिवस चालतो. कोल्हापूरकडचं सिम इथे आणायचं असेल तर सर्कल बदलते, त्यामुळे दोन दिवस जास्त धरा. बँकेचे ओटीपी त्या काळात अडकू शकतात.

तक्रार तोंडी करू नका. प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक घ्या, काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा, ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. कॉल सेंटरला मराठीचा पर्याय असतो का, हे जोडणी घेण्याआधी एकदा फोन करून बघा. घरी आजी-आजोबा एकटे असतील तर हे फार महत्त्वाचं. आणि जोडणी बंद करताना राउटर, अँटेना परत दिल्याची सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय माणसाला दारातून सोडू नका.