सोलापूरच्या उन्हात प्रिम्युला नको, मे फ्लॉवर लावा

हिमालयात बर्फ वितळताच फुलणाऱ्या प्रिम्युलाचे फोटो पाहून ते रोप मागवायचा मोह होतो. कृपया मागवू नका. त्याला लांब, कडक हिवाळा आणि गार उन्हाळा लागतो. आपल्याकडे एप्रिलमध्येच पारा ४० च्या वर जातो, त्यात ते जगणार नाही.

तशीच हिवाळ्यातल्या झोपेतून उठून फुलणारी वनस्पती हवी असेल तर मे फ्लॉवर, म्हणजे फुटबॉल लिली लावा. मूळची आफ्रिकेतली, आपल्या उन्हाळ्याला न घाबरणारी. एका दांड्यावर दोनशेपर्यंत बारीक फुलांचा लालभडक गोळा येतो.

आपली काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. निम्मी माती, बाकी बारीक मुरूम, जाडी वाळू आणि कुजलेलं शेणखत घ्या. कंदाचं टोक मातीच्या वर दिसू द्या. कुंडी लहान, मुळांना घट्ट बसणारीच बरी. मुळं वारंवार हलवली की फूल रुसतं.

खरी गोम पाण्यात आहे. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करा आणि कुंडी कोरडी, सावलीत ठेवा. इथेच बहुतेक जण दया दाखवून पाणी घालतात आणि कंद गमावतात. एप्रिलमध्ये कोंब दिसला की पाणी सुरू करा. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारी मात्र हिरव्या जाळीची सावली हवीच. फूल सुकलं तरी पानं कापू नका, पुढच्या वर्षीचं फूल तीच घडवतात. कंद विषारी असतो, लहान मुलं आणि शेळ्यांपासून लांब ठेवा.